एक्स-रेच्या खोलीतली कळशी

माझ्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी आता तांब्याची एक कळशी आहे. तिच्यात पाणी नाही, लोहखनिजाचे तांबडे खडे आहेत, आणि गळ्यात जुन्या साडीची चुंबळ अडकवलेली आहे. घरी येणारे विचारतात, हे काय? मी म्हणते, आमच्या सरांची. त्यापुढे सांगवत नाही. सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातली एक गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली आहे.

सर गुडघ्यांचे डॉक्टर होते, पण त्यांनी जन्मात कुणाच्या गुडघ्याला सुरी लावली नाही. ते गुडघ्यांचे एक्स-रे काढत आणि वाचत. आठवड्यातून एकदा पणजीला जाऊन एमआरआय वाचत. डिचोलीत स्वतःच्याच घराच्या तळमजल्यावर त्यांचं छोटं केंद्र होतं. पुढे पडवी, तीन पायऱ्या, आत मशीनची खोली. सगळीकडे लोक त्यांना ‘धोंपरांचो दोतोर’ म्हणत. आमच्याकडे गुडघ्याला धोंपर म्हणतात. सरांना हे नाव आवडायचं. पाटीवरच्या पदव्यांपेक्षा ते खरं आहे, असं ते म्हणत.

मी त्यांच्याकडे गेले ती मराठीची एम.ए. होऊन, पेडण्याच्या एका वाचनालयात अर्धवेळ काम करत असताना. त्यांना रुग्णांची माहिती लिहून घेणारं माणूस हवं होतं. मुलाखत अशी झाली की त्यांनी आबांना बोलावलं. आबा म्हणजे आमचे एक्स-रे काढणारे, सावंतवाडीकडचे. “ह्यांचा गुडघा दुखतो. विचार आणि लिही,” एवढंच सर म्हणाले. मी विचारलं, कधीपासून दुखतो? आबा जे सुरू झाले ते सायकल, शिमगा, मेव्हण्याचं लग्न, सगळं सांगून थांबले. मी पानभर लिहिलं. सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, “मध्ये बोलली नाहीस. उद्यापासून ये, बाय.” बाय म्हणजे पोरी.

पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, अशा दोन बस बदलून मी सात वर्षं तिथे गेले.

सर खुर्चीत बसून पायऱ्यांवरचे आवाज ऐकत. माणूस आत यायच्या आधी पुटपुटत, “डावा. आतली बाजू.” बरोबर आलं तर काही नाही. चुकलं तर मात्र इतके खूश व्हायचे की त्या माणसाला आधी चहा मिळायचा. “चुकलो! बसा, बसा. सांगा मला, मी का चुकलो?” बिचारा पाय दुखतोय म्हणून आलेला, आणि त्यालाच डॉक्टरची चूक समजावून द्यायची वेळ यायची.

‘झीज’ हा शब्द त्यांना चालत नसे. मी एकदा वहीत ‘उजव्या गुडघ्याची झीज’ असं लिहिलं. त्यांनी ते खोडलं आणि वर ‘वापर’ लिहिलं. “झिजायला तो काय साबण आहे? चाळीस वर्षं काजूचा डोंगर उतरलीय ती बाई. वापरलाय तिनं गुडघा.” मग प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तो वापर लिहायची पद्धत पडली. काजू. भातलावणी. क्लच. क्लच म्हणजे खाणीवरच्या ट्रकांचे ड्रायव्हर. त्यांचा डावा गुडघा आधी बोलू लागायचा. फुटबॉल खेळणारे यायचे, त्यांच्या पाकिटावर सर ‘वळण’ लिहीत, कारण धावताना एकदम वळलं की आतला अस्थिबंध तुटतो.

एमआरआयबद्दल त्यांना आदर होता, पण थोडी तक्रारही होती. “कूर्चा दिसते, फाटलेली गादी दिसते, सगळं दिसतं. पण माणसाला आडवं पाडून. आडवा गुडघा सुट्टीवर असतो, बाय. कामावरचा गुडघा बघायला हवा.”

त्यांच्या खिशात नेहमी एक कृत्रिम सांधा असे. धातूचा चकचकीत भाग, त्याखाली पांढऱ्या प्लॅस्टिकची चकती. बसमध्ये शेजारी कुणी गुडघा चोळताना दिसलं की सर तो काढून त्याच्या हातावर ठेवायचे. एकदा पणजीला जाताना एका बाईनं तो पालथा-उताणा करून नीट पाहिला आणि विचारलं, “ह्याका तेल घालचें पडटा?”

“ना,” सर म्हणाले.

“आनी पावसांत गंज धरता?”

“धरिना.”

“तर मगे बरो आसा,” असं म्हणून तिनं तो परत दिला. दुसऱ्या दिवशी सांधा बदलायला निघालेल्या लोकांना द्यायच्या माहितीपत्रकात त्यांनी मला दोन ओळी घालायला लावल्या. तेल लागत नाही. गंज चढत नाही. “हे कुणी लिहीत नाही, आणि लोक मात्र हेच मनात ठेवून भितात.”

आता कळशीचं.

लाटंबार्स्याची एक काकी आमच्याकडे आली होती. साठीच्या पुढची, काटक, बोलण्यात तिखट. दोन वर्षं गुडघा दुखतो म्हणत होती. दुसरीकडे काढलेल्या एक्स-रेत विशेष काही नव्हतं, म्हणून घरच्यांचा विश्वास उडालेला. सून सोबत आली होती. ती आमच्यासमोरच म्हणाली, “काम आयलें की हांचो पाय दुखता.” काकी भिंतीकडे बघत राहिली.

आबांनी तिला मशीनसमोर उभं केलं, एक्स-रे काढला. सरांनी पाहिला. दोन हाडांमधली फट जवळजवळ नीट होती. सर बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, “हातूंत कांय दिसना.” सुनेनं पिशवी उचलली. दोघी बाहेर पडल्या.

आमच्या समोर रस्त्याच्या कडेला सार्वजनिक नळ होता. तिथे एक बाई भरलेली कळशी डोक्यावर घ्यायची खटपट करत होती. तिची मान आखडली होती बहुधा. काकीनं सवयीनं ती कळशी घेतली, स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि त्या बाईच्या घराच्या दिशेनं चालू लागली. सर खिडकीत होते. मीही होते. काकीचा उजवा गुडघा पहिल्याच पावलाला बाहेर कलला.

सर अनवाणी धावत सुटले. “सकयल दवरूं नाका! तशेंच भितर येयात! कळशी सकयल दवरूं नाका!” खाली ठेवू नका, तशाच आत या, असं ते सांगत होते.

काकी घाबरली. पांढऱ्या कोटातला माणूस ओरडत अंगावर येतोय. तिला वाटलं चोरीचा आळ आला. “ही कळशी म्हजी न्हय, दोतोर! हिची! हांवें फकत हात लायलो!”

कळशीची मालकीण ओरडू लागली, सून मध्ये पडली, आणि या सगळ्यातून सर काकीला कळशीसकट तीन पायऱ्या चढवून आत घेऊन आले. मशीनसमोर उभी राहिल्यावर तिला जरा उमज पडली. “घरा कळशी उखलून धोंपरां गेलीं म्हणून हांगा आयल्यां,” ती म्हणाली, “आनी हांगाय कळशीच?”

त्या दुसऱ्या एक्स-रेत फट नव्हती. आतल्या बाजूला हाड हाडावर बसलं होतं. सरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून सुनेला दाखवली. आधी काकी नकळत चांगल्या पायावर भार टाकून उभी होती. डॉक्टरसमोर माणूस असाच उभा राहतो. दुखऱ्या पायाला तो स्वतःलासुद्धा न कळता जपतो. डोक्यावर भरलेली कळशी आली की मात्र जपता येत नाही, दोन्ही पाय कामाला लागतात. सुनेनं चित्रं पाहिली, मग सासूकडे पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवून तिच्या डोक्यावरची कळशी उतरवायला हात लावला. काही महिन्यांनी काकीचा सांधा बदलला.

त्याच आठवड्यात सरांनी बाजारातून तांब्याची कळशी आणली. आधी तिच्यात पाणी असायचं. आबा रोज कटकट करायचे. “सर, मशीनवर पानी सांडला तर माका सांगू नकात हां.” एकदा ते सांडलंच. मग सरांनी मुळगावच्या एका ड्रायव्हरकडून खनिजाचे खडे मागवले. बाई जेवढं वजन घरी उचलते तेवढेच खडे तिनं स्वतःच्या हातानं कळशीत टाकायचे. मग आबा कळशी काट्यावर ठेवायचे आणि मी वजन वहीत लिहायची. पुरुषांसाठी गोणी होती.

खड्यांचा एक फायदा सरांनाही आधी माहीत नव्हता. गुडघा थरथरला की ते वाजायचे. अगदी बारीक, करवंटीत वाळू हलावी तसे. सर डोळे मिटून ऐकत आणि एखादा प्रश्न विचारत. “दुखता खंय?” “हांगा.” “केन्ना?” “देंवतना.” म्हणजे उतरताना. डोक्यावर ओझं असताना कुणी पाल्हाळ लावत नाही. जे असेल ते दोन शब्दांत येतं. मी नंतर तेच लिहायची. माझं त्या काळातलं लेखन मला आजही बरं वाटतं.

पुढे आमचं केंद्र एका मोठ्या अभ्यासात सामील झालं. गुडघ्याला मार बसलेल्या किंवा खूप वापर झालेल्या लोकांचे दर वर्षी एक्स-रे काढायचे, आणि कुणाचा सांधा किती लवकर बदलावा लागतो ते पाहायचं. बरीच केंद्रं होती. एवढ्या फटीपर्यंत थांबा, एवढ्याला शस्त्रक्रिया करा, असं पुढच्या डॉक्टरांना सांगणारे नियम त्यातून निघणार होते. सर फार आनंदात होते. लाटंबार्स्याच्या आणि मुळगावच्या बायकांचे गुडघे कुठेतरी हिशेबात धरले जातील, हे त्यांच्या मनात होतं. नाहीतर नियम बसून काम करणाऱ्यांच्या गुडघ्यांवरून ठरतात आणि डोंगर उतरणारीला ‘काही नाही’ म्हणून परत पाठवतात.

अभ्यासाच्या पद्धतीत कळशी नव्हती. दोन्ही हातांनी दांडा धरून नुसतं उभं राहायचं होतं. सर म्हणाले, आपण कळशीसकटच काढू. दोन-दोन एक्स-रे काढून बायकांना जास्तीचे किरण द्यायचे नाहीत. “पण तू फॉर्मवर कळशी लिहीत जा. वजनासकट. आपण वेगळं करतोय ते सांगून करायचं.”

मी हो म्हणाले.

पहिला फॉर्म समोर घेऊन बसले तेव्हा त्यात एक चौकट होती: ‘ठरलेल्या पद्धतीनुसार’. तिच्याखाली दुसरी: ‘बदल असल्यास तपशील’. मी सगळ्या सूचना वाचल्या होत्या. वाचायची मला सवयच. बदल असलेले एक्स-रे बाजूला काढले जाऊ शकतात, असं तिथे बारीक अक्षरात होतं. मला सरांचा चेहरा आठवला, काकी आठवली. मी पहिल्या चौकटीत खूण केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. सर फॉर्म वाचत नसत. “तुझं अक्षर बघून सही करायला बरं वाटतं,” म्हणत आणि सही करत. मधून मधून विचारत, “कळशी लिहितेस ना?” मी म्हणायची, “हो सर.” ते खोटंही नव्हतं, असं मी स्वतःला सांगायची, कारण वजनं माझ्या वहीत होतीच.

दीड वर्ष असं चाललं. मग अभ्यासाचं काम बघणाऱ्या एक बाई पणजीहून आल्या. नीटनेटक्या, मृदू बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, “सर, तुमच्या केंद्रातले गुडघे इतर सगळ्यांपेक्षा फार खराब दिसतात. पद्धत तर तीच आहे ना?”

“तीच नाही,” सर म्हणाले. “आम्ही कळशी देतो. फॉर्मवर आहे की.”

बाईंनी पिशवीतून फॉर्मांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा लावला. एक पाहिला, दुसरा पाहिला, मधला एक काढून पाहिला. सगळ्यांवर माझी खूण, खाली त्यांची सही. मी दाराशी उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“हां,” ते म्हणाले. “खुणा मीच करायला सांगितल्या.”

बोलायला मला पुष्कळ वेळ होता. बाईंनी चहा घेतला, कळशी पाहिली, उचलूनही पाहिली. आबांनी त्यांना खड्यांची गंमत सांगितली. त्यांचा निरोप घेऊन सर पडवीपर्यंत गेले. एवढ्या वेळात मी दाराची चौकट धरून नुसती उभी राहिले.

त्या गेल्या आणि थोड्या वेळानं पोदेराचा भोंगा वाजला. सायकलवरून पाव विकणारा आमचा पोदेर त्याच सुमाराला यायचा. सरांनी नेहमीसारखा एक उंडो घेतला. ते तो गोल, कडक पाठीचा पाव लोकांना कूर्चा समजावून द्यायला वापरत. वरची साल शाबूत आहे तोवर आतला मऊ भाग सुरक्षित. त्या दिवशी त्यांनी काही समजावलं नाही. उंडो मोडून अर्धा माझ्या हातात दिला.

“तू बऱ्या पायावर उभी राहिलीस,” ते म्हणाले. “सगळे राहतात, बाय. खा.”

त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. महिन्याभरात पत्र आलं. आमचे सगळे एक्स-रे अभ्यासातून वगळले होते, केंद्रही वगळलं होतं, आणि माहिती लपवल्याचा ठपका सरांच्या नावावर होता. जो माणूस सांगून करायचं म्हणत होता, त्याच्यावर. डॉक्टरांच्या बैठकांना त्यांना कुणी बोलावेनासं झालं. कुठेतरी त्यांचं नाव निघालं की हसत हसत ‘ते कळशीवाले’ म्हणत, हे माझ्याही कानावर आलं. बायका पुढच्या वर्षी आल्या, त्यांना सरांनी स्वतः सांगितलं की आता तुमचे गुडघे मोठ्या अभ्यासात नाहीत. एकीनं विचारलं, “मगे आमी येवचें न्हय?” “येवचें,” सर म्हणाले. “हांव पळयतां मगे.” आणि ते पाहत राहिले, शेवटपर्यंत, त्यांच्यापुरतं.

मी पुढे दोन वर्षांनी वाचनालयात पूर्णवेळ लागले आणि डिचोली सुटली. चवथीला जायची, गणपतीला नमस्कार करायची, सर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, पुढे करायचे. दर वेळी ठरवून जायची की आज बोलायचं. दर वेळी ते एखाद्या नव्या गुडघ्याची गोष्ट सांगत आणि मी ऐकत परत यायची. मध्ये बोलायची मला सवय नव्हती, हे त्यांनीच पहिल्या दिवशी हेरलं होतं.

यंदा काजूच्या दिवसांत सर गेले. बसमध्ये बोंडांचा आंबूस वास भरून होता. तेराव्याला मी पोचले तेव्हा पडवीत खुर्च्या मांडल्या होत्या, जमिनीवर कमी लोक होते. ज्यांचे सांधे बदलले आहेत त्यांना खाली बसता येत नाही, म्हणून सरांची थोरली बहीण, माई, हिनं शेजारपाजारच्या घरांतून खुर्च्या मागवल्या होत्या. तेवढ्याही पुरल्या नाहीत.

लाटंबार्स्याची काकी आली होती. म्हातारी झाली होती, पण तीन पायऱ्या कठड्याला हात न लावता चढली. मी नकळत कान देऊन ऐकत होते. आवाज सारखा होता.

माईनं मला विचारलं, “तुला त्यांचं काही हवं का? पुस्तकं ने.” मी म्हणाले, “कळशी चालेल का?”

काकी शेजारच्या खुर्चीतून म्हणाली, “तुका कळशी कित्याक गे? तुवें केन्ना उदक हाडलां?”

पाणी मी कधी आणलं नव्हतंच. आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता रडू आलं. माई आत गेल्यावर मी काकीला सगळं सांगितलं. फॉर्म, चौकट, खुणा. तिच्या दुसऱ्या, डाव्या गुडघ्याचा एक्स-रे अभ्यासातून काढून टाकला तो माझ्यामुळे, हेही सांगितलं. ती सगळं ऐकून घेत होती.

“हें तुवें तांकां सांगिल्लें?”

“ना.”

“आनी आतां माका सांगता? हांव व्हड दोतोर?” तिनं पदर सारखा केला. “जांकां सांगूंक जाय तांकां सांग. हांगा रडून कितें जाता?”

कळशी मी मांडीवर घेऊन दोन बस बदलून पेडण्याला आणली. कंडक्टर म्हणाला, ओझें सकयल दवर. मी ठेवली नाही.

तो अभ्यास अजून चालू आहे, आणि ज्यांना सांगायला हवं त्या पणजीच्या बाईही अजून तिथेच आहेत. मी त्यांना पत्र लिहायला बसले. पहिल्या दिवशी चार पानं झाली. त्या वेळची परिस्थिती, आमच्या भागातल्या बायकांचं काम, सरांचा स्वभाव, माझं वय. वाचून पाहिलं. अक्षर चांगलं होतं. फाडलं. दुसऱ्या दिवशी तीन पानं झाली, तीही फाडली. असा आठवडा गेला.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. मी चुंबळ डोक्यावर ठेवली आणि कळशी उचलली. पहिल्यांदा ती खांद्यापर्यंतच आली. खडे थोडे कमी करून पुन्हा उचलली, दोन्ही हातांनी सावरली, आणि कपाटासमोर उभी राहिले. मान ताठ झाली. पाय आपोआप सारखे पडले. उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूला काहीतरी टोचलं, आणि डोक्यावर खडे बारीक वाजू लागले. तिथे उभ्याउभ्याच मी मोठ्यानं बोलले, जसं त्या बाई समोर असाव्यात तसं.

मग कळशी उतरवली, बसले, आणि बोलले तेवढंच लिहिलं.

खुणा मी केल्या होत्या. सरांना माहीत नव्हतं. प्रत्येक बाईच्या कळशीचं वजन माझ्या वहीत आहे, वही सोबत पाठवत आहे.